पंजात काय धरलंय? शरभ-गंडभेरुंड रेखाटनाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, जुन्नर

ठरलं एकदाचं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची लांब खोली फेब्रुवारीत आठ दिवस मिळणार. चोवीस रेखाचित्रं, काळ्या शाईत, प्रत्येकाखाली चार ओळी माहिती. विषय असा की दगडात जागोजागी कोरलेले, पण रानात कुठेच न सापडणारे प्राणी. सिंहाच्या धडाला हत्तीची सोंड, पक्ष्याला दोन डोकी, बैलाला माणसाचा चेहरा.

याचं मूळ सातवीच्या सहलीत आहे. शिवनेरीच्या दरवाज्याखाली पोरं डबे उघडून बसली होती. एक मुलगी घास हातात तसाच ठेवून वर बघत म्हणाली, "बाई, हा वाघ आहे की सिंह?" मी म्हटलं, "शरभ." तिने विचारलं, "शरभ म्हणजे?" आणि माझं उत्तर तिथेच संपलं. या गडाच्या पायथ्याशी राहून तेवीस वर्षं चित्रकला शिकवते आहे. ते अर्धवट उत्तर मला टोचत राहिलं.

मदतीला भाची आहे, ओवी. कॅमेरा तिचा, टाक माझा. गड संरक्षित स्मारकं आहेत, तेव्हा कागद लावून ठसा घ्यायचा नाही, हातही लावायचा नाही. फोटो काढायचा, त्यावर चौकटी आखायच्या, चौकटी मोठ्या करून कागदावर उतरवायचं. सोबत एक तक्ता केलाय: डोकं, आयाळ, पंख, पाय, शेपूट. प्रत्येक प्राण्याचे अवयव भरत गेलं की कुठल्या प्रदेशातून काय आलं ते दिसेल, असा आज तरी अंदाज आहे.

जुन्या शिल्पशास्त्रात अशा प्राण्यांना 'व्याल' म्हणतात. 'ईहामृग' असाही एक शब्द आहे, म्हणजे मनाच्या इच्छेतून निघालेला पशू. मला हा शब्द फार आवडतो. प्रदर्शनाचं नाव कदाचित हेच ठेवीन.

१३ नोव्हेंबर, शिवनेरी

सकाळी साडेसातला दरवाज्यात पोचलो. ऊन समोरून आलं की दगड सपाट दिसतो, रेषा हरवतात, म्हणून घरातला हातभर आरसा नेला होता. ओवी पायरीवर आरसा धरून उभी राहिली आणि उन्हाचा पट्टा तिने बाजूने, अगदी तिरका, शिल्पावर सोडला. एका क्षणात दगड जागा झाला. डोळ्यांच्या खोबणी, उघडा जबडा, पाठीवर वळलेली शेपूट, उचललेला पुढचा पाय. काळ्या बेसॉल्टवर दगडफुलाचे राखाडी चट्टे आहेत, ते कोरीव रेषेशी स्पर्धा करतात. पण तिरक्या उजेडात सावली फक्त खोदलेल्या जागीच पडते, चट्ट्यांना सावली नसते. हे पहिल्यांदा कळलं आणि मी अक्षरशः टाळी वाजवली.

एक चूक मात्र आजच सापडली. सहलीनंतर आठवणीतून काढलेल्या कच्च्या चित्रात मी खांद्यावर पंख काढला होता. आरशाच्या उजेडात तिथे पंख नाही. खांद्याच्या सांध्यावर आयाळीची एक वेलांटी आहे, टोकाला वर उचललेली, एवढंच. डोळ्यांनी वेलांटी पाहिली आणि हाताने सवयीचा पंख काढला. चित्र फाडलं नाही. तारीख टाकून बाजूला ठेवलंय, उपयोगी पडेल.

वर जाताना एक ताक विकणाऱ्या आजी भेटल्या. "कशाचे फोटू काढता गं?" म्हणून त्यांनी विचारलं. सांगितलं तर म्हणाल्या, "तो व्हय, दाराचा वाघ." गावात सगळे त्याला वाघच म्हणतात.

१७ नोव्हेंबर

घरी बसून वाचन. शरभ हे नाव जुनं आहे, पण त्या नावाचा प्राणी दरवाज्यावरच्या प्राण्याशी जुळत नाही.

महाभारतातला शरभ आठ पायांचा, सिंहाला मारणारा. शांतिपर्वात त्याची एक गोष्ट आहे. एका ऋषीच्या आश्रमात एक कुत्रा असतो. त्याला बिबट्याची भीती वाटते म्हणून ऋषी त्याला बिबट्या करतो, मग वाघाची भीती म्हणून वाघ, मग हत्ती, मग सिंह, आणि शेवटी शरभ. शरभ झाल्यावर तो ऋषीलाच खायला निघतो, आणि ऋषी त्याला परत कुत्रा करून टाकतो. म्हणजे भीतीच्या उतरंडीत सिंहाच्याही वर कोणीतरी हवा, ती जागा शरभाची. कालिदासाच्या मेघदूतातही हिमालयातले शरभ ढगावर उड्या मारतात आणि मेघाने त्यांना गारांनी झोडपावं असं यक्ष सांगतो.

आठ पाय कोरणं पाथरवटाला काही अशक्य नव्हतं. पण आपल्या गडांवर मी आजवर पाहिलेला प्रत्येक शरभ चार पायांचा आहे. नाव पोथीतलं, अंग सिंहाचं. तक्त्यातल्या 'पाय' या रकान्यात पहिल्याच ओळीला अडले.

२४ नोव्हेंबर, राजपुरी आणि जंजिरा

पहाटे निघून मुरूड गाठलं, राजपुरीहून शिडाची होडी. जंजिऱ्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, नुसते बुरूज आणि तट. होडी भिंतीला लागेल असं वाटतं आणि मग एकदम कमान समोर येते. होडीवाले दादा म्हणाले, "ताई, घाई नको. लाट वर आली की पाय टाका." शिल्प आल्याआल्याच आहे. दादांनी बोट दाखवून मोजून घेतलं: "चार पायांत चार, शेपटीत एक. मोजा तुम्हीच." मोजले. बरोबर पाच हत्ती.

सिद्दी बुऱ्हाणखानाची गोष्टही त्यांनी ऐकवली, की तो इतर सत्ताधीशांना बजावतो, तुम्ही हत्ती असाल तर मी शेर आहे, या किल्ल्याकडे वाकड्या नजरेने बघू नका. गोष्ट दमदार आहे आणि दादांनी ती सांगितलीही दमदार. पण ती आख्यायिका म्हणूनच लिहायची असं आमचं ठरलं. पुष्कळ माहितीफलकांवर आणि भाषणांत एकेका हत्तीला एकेक राज्य वाटून दिलेलं असतं. इतकी हिशेबी मांडणी मला पटत नाही. हाच प्राणी वेगवेगळ्या घराण्यांच्या गडांवर आहे आणि हत्तींची संख्या दरवाज्यागणिक बदलते.

चित्र काढायला दीड तास मिळाला, कारण परतीची होडी ठरलेली होती. त्या घाईत एक गोष्ट झाली ती लिहून ठेवते. वेळ कमी म्हणून मी प्राण्याची फक्त बाह्यरेषा घेतली आणि हत्ती नीट काढले, कारण ते छोटे, पुढे विसरले जातील असे. घरी येऊन पाहिलं तर हत्ती जिवंत आहेत. एकाची सोंड वर वळलेली, एकाचं ढुंगण आपल्याकडे. कोरणाऱ्याने हत्ती पाहिलेला होता. त्याच्या मानाने मोठा प्राणी साच्यातून काढल्यासारखा. तो त्याने कधीच पाहिलेला नव्हता, कोणीच पाहिलेला नाही.

ओवी म्हणाली, "मावशी, तुझ्या तक्त्यात हत्तींना रकानाच नाही."

५ डिसेंबर, मुंबई, फोर्ट

कामासाठी मुंबईला जाणं होतंच, एक दुपार काढली. फोर्टमधल्या माणेकजी सेठ अग्यारीच्या दाराशी रस्त्यावरून पाहिलं. अग्यारी १७३३ ची, आताची इमारत १८९१ ची. आत पारशी समाजाखेरीज कोणाला प्रवेश नाही, आणि मला आत जायचंही नव्हतं. मला हवे होते ते दाराशीच उभे आहेत: बैलाचं अंग, गरुडाचे पंख, दाढीवाल्या माणसाचा मुकुट घातलेला चेहरा. समोरच्या फुटपाथवर उभं राहून काढलं. येणारेजाणारे थांबून बघत होते. एका वयस्कर पारशी बाईंनी जाता जाता "बहोत सरस" म्हटलं.

हे प्राणी असिरियाचे, म्हणजे आजच्या इराकच्या उत्तरेतले. त्यांचं नाव लामासू. दुसऱ्या सार्गोन राजाने इसवी सनापूर्वी आठव्या शतकात खोर्साबादला नवी राजधानी बांधली, तिच्या दरवाज्यांवरचे लामासू चार मीटरहून उंच आहेत आणि त्यांना पाच पाय आहेत. पाच! कारण ते दरवाज्याच्या कोपऱ्यात एकाच दगडातून कोरलेले. समोरून बघाल तर दोन पाय जोडून स्तब्ध उभा, बाजूने आत शिराल तर चार पायांनी चालतोय. दोन्हीकडून पूर्ण दिसावा म्हणून एक पाय जास्तीचा. पुढे इराणी सम्राट झेर्झेसने पर्सिपोलिसच्या दरवाज्यावर हेच प्राणी घेतले तेव्हा तो पाचवा पाय गेला. मुंबईच्या पारशांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या अग्यारींवर घेतले ते त्या पर्सिपोलिसच्या आठवणीने. हजार वर्षांपूर्वी सोडलेल्या देशाच्या दाराचा राखणदार त्यांनी इथल्या दाराशी आणून उभा केला.

पायांची संख्या पोथीवरून ठरत नाही, दगड कुठे बसणार यावरून ठरते. शरभाच्या आठ पायांचं कोडं या वाटेने थोडं हलकं झालं. दरवाज्याच्या बाजूच्या लहानशा चौकटीत आठ पाय नुसती गिचमिड करतील, चार पाय ठसठशीत उमटतात.

आणि आणखी एक. लामासूला खूर आहेत, पंजे नाहीत. तो काही धरत नाही. तो नुसता उभा राहतो.

१५ डिसेंबर, चिखलदरा, गाविलगड

या तारखेला इथे यायचं मुद्दाम ठरवलं नव्हतं, पण १५ डिसेंबर १८०३ लाच इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला होता. मेळघाटची थंडी, बोटं आखडलेली, शाई वाळायला दुप्पट वेळ. जुन्नरहून इथपर्यंतचा प्रवास दमवणारा आहे, पण जे पाहायला आलो ते पाहिल्यावर ओवी पाच मिनिटं कॅमेरा न उचलता नुसती उभी राहिली.

दरवाज्यावर दोन तोंडांचा पक्षी, गंडभेरुंड, आणि त्यानेही हत्ती पकडलेले. सोबत सिंहासारखे प्राणीही आहेत.

गाविलगड बहमनींचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस फतहुल्ला इमादुल्मुल्कने त्याची मोठी दुरुस्ती केली, आणि १४९० च्या सुमारास तोच वऱ्हाडच्या इमादशाहीचा पहिला सुलतान झाला. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला, कानडी हिंदू घरातला. लहानपणी युद्धात पकडला गेला आणि बहमनी सरदारांच्या चाकरीत वाढला. आणि त्याच्या गडाच्या दारावर कर्नाटकातला पक्षी. बालपण किती आठवत होतं कोण जाणे, पण हा पक्षी निव्वळ शोभेसाठी निवडला असेल असं मला वाटत नाही. मी बराच वेळ त्या दाराखाली बसले होते.

इतिहासाची चर्चा करताना आपण हिंदू शिल्प, मुसलमानी शिल्प असे दोन डबे लगेच काढतो. या दारापुढे ते डबे बंद करून ठेवावे लागतात.

१६ डिसेंबर

परतीच्या गाडीत. कर्नाटकचं राज्यचिन्ह आठवून पाहिलं. मधोमध गंडभेरुंड, दोन्ही बाजूंना सिंहाचे प्राणी, पण त्यांना डोकं हत्तीचं. गजकेसरी. काही जण त्यांनाही शरभच म्हणतात! म्हणजे शरभाचं हे तिसरं रूप. उद्या वहीत मोठं काढायचं.

२२ डिसेंबर, जुन्नर

आज तक्ता रद्द केला.

गंडभेरुंडाच्या मागे मागे जात होते. कर्नाटकात बळ्ळिगावीला एका उंच खांबावर तो आहे, १०४७ सालचा, चावुंडराय या चालुक्यांच्या मांडलिकाने उभारलेला. तिथे धड माणसाचं आहे आणि डोकी दोन पक्ष्यांची. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर (राज्यकाळ १५२९ ते १५४२) तो चोचींत आणि पंजांत हत्ती घेऊन चालतोय. हे नाणं गाविलगडच्या दरवाज्यानंतरचं, म्हणून नाण्यावरून दरवाजा आला असं म्हणता येत नाही. दोघांच्याही मागे कर्नाटकातली जुनी परंपरा आहे.

आणखी मागे गेलं की तक्षशिलेच्या सिरकपमध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक स्तूप लागतो. त्याच्या जोत्यावर ग्रीक घाटाचं देऊळ, बौद्ध चैत्यकमान आणि तोरण शेजारीशेजारी कोरलेली आहेत, आणि चैत्यकमानीवर दोन डोक्यांचा गरुड शांत बसलाय. पंजे रिकामे.

त्याहूनही मागे, तुर्कस्तानात, हित्ती लोकांच्या अलाजा ह्यूयूक गावी. इसवी सनापूर्वी चौदावं-तेरावं शतक. तिथल्या दरवाज्यावर दोन स्फिंक्स आहेत, आणि आतल्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड. त्याच्या पंजांत ससे.

ससे! मी ते चित्र पाहून खुर्चीतून उठलेच. पक्षी तोच: दोन डोकी दोन दिशांना, पाय फाकलेले, मधोमध छाती. तिथल्या, म्हणजे अनातोलियाच्या, माळावरचा गरुड ससा धरतो, म्हणून पाथरवटाने ससा कोरला. तीन हजार वर्षांनी मेळघाटातल्या दारावर तसाच पक्षी, पण पंजात हत्ती. ओवीने जंजिऱ्याहून येताना बरोबर बोट ठेवलं होतं. अवयव मोजून प्राणी कुठून आला ते फार तर कळेल. तो जिथे बसला तिथली माणसं कशाला भीत होती, कशाला मोठं मानत होती, ते पंजात काय धरलंय त्यावरून कळतं. आपल्याकडे राजाची ताकद हत्तीवर मोजली जायची. सैन्याचं बळ हत्तींच्या संख्येत सांगायचे, किल्ल्याची दारं हत्तींनी धडक देऊन फोडायचे आणि म्हणून दारांना लोखंडी खिळे ठोकायचे. जो हत्तीला पंजात धरतो तो दाराच्या वर असायलाच हवा.

आता नवा तक्ता. एकच रकाना: पंजात काय?

२६ डिसेंबर, कार्ले

नव्या तक्त्याची लगेच परीक्षा घेतली. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका स्तंभशीर्षावर स्फिंक्ससारखा, माणसाच्या तोंडाचा प्राणी आहे. इथल्याच काही खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवन, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या, दात्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक. हा प्राणी पश्चिमेकडून व्यापाराच्या वाटेने, इराणी आणि ग्रीक वळणं घेत आला, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं आहे. पण पंजे रिकामे. भिक्खूंच्या सभागृहात तो खांबावर नुसता बसलाय, कोणालाही चिरडत नाही. आरसा इथे चालला नाही, आतला काळोख फार. सुट्टीची गर्दी असल्याने लवकर निघालो.

३ जानेवारी २०२५

दक्षिणेची चित्रं फोटोंवरून. प्रवासाचे पैसे संपले आहेत.

दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर, दुसऱ्या राजराज चोळाचं, बारावं शतक. इथला शरभ दाराचा राखणदार नाही, प्रत्यक्ष शिव आहे: अर्धा सिंह, अर्धा पक्षी, आणि त्याच्या हातांत उचलून धरलेला नरसिंह. शिवपुराणात ही कथा आहे, हिरण्यकश्यपूला मारल्यावर नरसिंहाचा राग शांत होईना तेव्हा शिवाने शरभ होऊन त्याला आवरलं. म्हणजे इथे पंजात हत्ती नाही, दुसरा देव आहे. वैष्णवांनी यावर गप्प बसायचं कारण नव्हतं. त्यांच्या कथेत नरसिंह गंडभेरुंड होतो आणि शरभाला फाडतो.

या चित्राला मला चार दिवस लागले. आपल्या दैवताला दुसऱ्याच्या पंजात पाहणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल हा विचार काढताना डोक्यातून जात नव्हता. नरसिंहाचं अंग कोरणाऱ्याने चेंगरलेलं दाखवलेलं नाही. तो उचललेला आहे, हात जोडलेले. भांडण आहे, पण अपमान करताना कोरणाऱ्याचा हात आवरलेला दिसतो.

बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात ही सगळी साखळी एकाच शिल्पात आहे. हरणाला अजगर धरतो, अजगराला हत्ती, हत्तीला सिंह, सिंहाला शरभ, शरभाला गंडभेरुंड. शांतिपर्वातल्या कुत्र्याची गोष्टच दगडात उतरली आहे, फक्त परत कुत्रा करणारा ऋषी नाही. चोविसातलं सर्वांत लांब चित्र हे, तीन कागद जोडून.

८ जानेवारी

गाळायच्या गोष्टींची यादी, कारण जागा चोवीसचीच आहे.

जर्मनीच्या होलेनश्टाइन गुहेतला सिंहमानव. मॅमथच्या हस्तिदंतातली जेमतेम ३१ सेंटीमीटरची मूर्ती, १९३९ मध्ये सापडली, सुमारे चाळीस हजार वर्षांची. माणसाने शेती करण्याच्या कितीतरी आधी माणसाच्या धडावर सिंहाचं डोकं ठेवलं होतं. पण त्याचे हात बाजूला सरळ सोडलेले आहेत आणि आपल्या प्रश्नात तो बसत नाही. तरी गाळवत नाही. प्रवेशदाराशी एकटाच ठेवू, पंचविसावा.

इराणचा सीमुर्ग हा अद्भुत पक्षी गाळला. चौदाव्या शतकानंतरच्या चित्रांतला सीमुर्ग मंगोलांबरोबर आलेल्या चिनी फिनिक्सची लांब शेपटी घेऊन उडतो. नाव इराणी, पिसारा चिनी. पण तो रंगांचा विषय आहे, काळ्या शाईत मरेल.

ओडिशाचा नवगुंजर ठेवला. सारळा दासाच्या पंधराव्या शतकातल्या ओडिया महाभारतात कृष्ण अर्जुनापुढे नऊ प्राण्यांचा होऊन येतो. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सापाची शेपूट, आणि चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात, त्या हातात कमळ. अर्जुन धनुष्य उचलतो, ते कमळ बघून ओळखतो आणि धनुष्य खाली ठेवतो. पंजात काय आहे यावरूनच ओळख पटली! माझ्या अख्ख्या प्रदर्शनाची गोष्ट ओडिशात पाचशे वर्षांपूर्वी सांगून झाली होती.

१९ जानेवारी, शाळा

रविवारी बारा मुलांना बोलावलं. पहिल्या मुलाला शिवनेरीच्या शरभाचं चित्र अर्धा मिनिट दाखवलं आणि आठवणीतून काढायला सांगितलं. दुसऱ्याने पहिल्याचं चित्र अर्धा मिनिट बघून काढायचं, तिसऱ्याने दुसऱ्याचं. शेवटी बाराही चित्रं भिंतीवर ओळीने लावली.

खांद्यावरची वेलांटी चौथ्या चित्रात मोठी झाली. सहाव्यात तिला आतून रेघा आल्या. आठव्यात स्पष्ट पंख. बाराव्यात दोन पंख. शेपटीचा गोंडा नवव्यात साप झाला. मी दरवाज्याखाली केलेली चूक बारा मुलांनी माझ्यासमोर परत केली, आणि कोणीही मुद्दाम काही बदललं नव्हतं. प्रत्येकाने जे दिसलं त्याला आपल्या ओळखीचं नाव दिलं आणि मग ते नाव काढलं.

आणि हत्ती? पंजातला हत्ती बाराही चित्रांत हत्तीच राहिला. लहान होत गेला, सोंडेची रेघ उरली, पण बाराव्या मुलालाही तो हत्ती आहे हे माहीत होतं.

ही बारा चित्रं प्रदर्शनात जाणार. माझं नोव्हेंबरचं पंखवालं कच्चं चित्र त्यांच्या शेजारी, तारखेसकट.

२ फेब्रुवारी

चोविसावं चित्र आज संपलं: गजकेसरी. मागे सिंहाचं धड, आयाळ, पंजे, आणि खांद्यावर हत्तीचं डोकं, सोंड खाली सोडलेली. इतके दिवस पंजात चिरडलेला हत्ती काढत होते. आज तोच धडावर चढून बसला, आणि पंजे मोकळे. शाईचा हात थांबवून किती तरी वेळ बघत राहिले. दक्षिणेच्या देवळांतल्या खांबांवर हा प्राणी शेकड्यांनी आहे, आणि मी तो पूर्वी कितीदा पाहून पुढे गेले होते.

छापणाऱ्याकडून माहितीच्या पट्ट्या आल्या. दोन पट्ट्यांत 'शरभ'चा 'शरम' झाला होता. परत पाठवल्या.

८ फेब्रुवारी, वाचनालय

मांडणी. चित्रं डोळ्यांच्या उंचीवर लावली आणि सगळं चुकल्यासारखं वाटू लागलं. सुबक दिसत होती, पण कोणाचाच धाक वाटेना. शेवटी ओवीच म्हणाली, "मावशी, ही दारावरची आहेत. आपण त्यांना भिंतीवर का लावतोय?" शिवनेरी, जंजिरा आणि गाविलगड उतरवले आणि खोलीच्या दाराच्या वर, कमानीसारखे बसवले. खालून मान वर करून बघावं लागतं आणि आत शिरताना ते डोक्यावरून जातात. लामासू दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीलगत. रिकाम्या पंजांचे कार्ले आणि सिरकप आत, खिडकीपाशी, जिथे बसायला बाक आहे.

संध्याकाळी ती सहलीतली मुलगी आईबरोबर पुस्तक बदलायला आली होती, आता आठवीत आहे. दार अर्धं उघडं होतं. तिने वर पाहिलं, बोटाने मोजलं आणि आईला म्हणाली, "आई, पाच आहेत. शेपटीतला पण धर."

शिडी शेजारच्या दुकानातली आहे, उद्या दहाच्या आत परत द्यायची. सिंहमानवाची चौकट अजून लागायची आहे.